कारण सांगितल्याशिवाय रडायचे नाही

माझा पहिला केसपेपर निघाला तो 'छातीत दुखणे' म्हणून. दुसऱ्यांदा 'पोटात गॅस'. मग तालुक्याच्या एका खासगी डॉक्टरांनी ईसीजी काढला, पट्टी उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाले, "हार्ट एकदम ओके आहे. टेन्शन घेऊ नका." आपण टेन्शनसाठीच तिथे गेलो होतो, हे मला फार उशिरा उमगले. त्या वेळी पाचशे रुपये देऊन, गॅसच्या गोळ्या खिशात टाकून मी एसटीत बसलो आणि पुलगावचा एक ओळखीचा माणूस भेटला तर त्याला कापसाचे भाव सांगत बसलो.

वर्धा जिल्ह्यात आर्वीकडे माझे गाव. साडेसहा एकर कोरडवाहू. कापूस, सोयाबीन, मधे तुरीचे तास. बी.ए. झालो, शिक्षकभरतीची वाट पाहिली, आणि वाट पाहता पाहता शेतकरी झालो. आता त्रेचाळिशी ओलांडली.

बाबा गेले २०२३ चा पोळा झाल्यावर. त्या वर्षी सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला होता. शेंगा भरायच्या आधीच शेतेच्या शेते पिवळी पडली होती. बाबांना रात्री अटॅक आला, गाडी मिळेपर्यंत सारे आटोपले. सकाळी अंगणात माणसे जमली, तेव्हा मोठ्या काकांनी माझा दंड धरला. "तू मोठा हायेस. तू रडला तं मायले कोन पाहीन?" यात काही वाईट बोलले असे मला तेव्हा वाटले नाही, आजही पूर्ण वाटत नाही. कोणीतरी लाकडाचे पाहायला हवे होते, कोणीतरी नातेवाइकांना फोन करायला हवे होते. ते मी केले. तिरडी बांधताना दोरीची गाठ ढिली होती ती सोडून पुन्हा बांधली. मडके धरले, भडाग्नी दिला. रडू आले नाही. येऊ दिले नाही असे म्हणायला मला आवडेल, पण खरे म्हणजे ते आलेच नाही.

तेरवीपर्यंत घरात दोन कारभार चालू होते. आत बाया. आत्या आली ती फाट्यापासूनच हंबरडा फोडत आली, मायच्या गळ्यात पडली. बाबांनी तिच्या लग्नात घेतलेल्या लुगड्यापासून सुरू करून त्यांचे सारे आयुष्य तिने सुरात मांडले. दुसरी बाई आली की पुन्हा तेच, पुन्हा पहिल्यापासून. माय त्या दिवसांत इतकी रडली की चौथ्या-पाचव्या दिवशी ती जेवायला लागली आणि कोणाच्या तरी सुनेला नावेही ठेवू लागली. बाहेर मांडवात आम्ही माणसे. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, खर्रा, पाण्याचा जग. येणारा हात जोडायचा, दोन मिनिटे खाली पाहायचा आणि विचारायचा, "तुमच्याकडे मोझॅक कितीक आहे?" मी सांगायचो. टक्केवारीसकट सांगायचो. तेरवीला मामांनी खांद्यावर दुपट्टा टाकला आणि मी घराचा कर्ता झालो.

पुढचे कागद पटापट सांगतो, कारण सगळ्यांनाच ठाऊक आहेत. मृत्यूचा दाखला, वारसाचा अर्ज, फेरफाराची नोटीस, हरकतीचे पंधरा दिवस, सातबारा. सोसायटीचे पीककर्ज बाबांच्या नावावर होते, ते प्रकरण लांबले.

याच काळात छातीचे सुरू झाले. पहाटे तीनला जाग यायची आणि छातीवर ओझे. पोरावर खेकसायचो. तो सातवीत होता, त्याने सायकलची चेन काढली म्हणून त्याला इतके बोललो की तो शेजारी जाऊन जेवला. डवरणीला गेलो तर धुऱ्यावर बसून राहायचो. भूक नव्हती. बायकोने दोनदा विचारले, "काय होऊन राहिलं तुमाले?" मी म्हटले, गॅस.

आता एक गोष्ट मला इथे थोडी लांबवून सांगायची आहे. आमच्याकडे माणसे रडत नाहीत, हे खरे नाही. शहरातली मंडळी लिहितात तसे आमचे पुरुष दगडाचे नाहीत. पोरीच्या बिदाईत बाप रडला नाही तर उलट लोक त्याला नावे ठेवतात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, खांदेशेकणीला, बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावताना डोळे पुसणारे म्हातारे मी लहानपणापासून पाहिले आहेत. आमच्या शेजाऱ्याने कर्जापायी जोडी विकली, तेव्हा तो बैलबाजारातून परतताना टेम्पोत हमसून रडत होता आणि सोबतच्या चौघांपैकी कोणी हसले नाही. गुरुकुंज मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सारे जिथे असतील तिथे मौन उभे राहतात. तिथे जाऊन पाहा, टोपीवाली, धोतरवाली माणसे उघड्या डोळ्यांनी रडतात, गालावरचे पुसतही नाहीत. आणि दारूत तर काय, आमचा जिल्हा कागदोपत्री दारूबंदीचा, पण रात्री नवानंतर पारावर रडणारा एक तरी सापडतोच. दुसऱ्या दिवशी त्याचा विषय कोणी काढत नाही.

म्हणजे रडायला परवानगी आहे, फक्त कारण दाखवावे लागते, आणि ते कारण तुमच्या बाहेरचे असावे लागते. लेक, बैल, महाराज, दारू. 'मला भीती वाटते' हे कारण त्या यादीत नाही.

तर आशाताई. ती आमच्याच गल्लीतली, नात्याने वहिनी. सरकारने २०१५-१६ मध्ये मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे सहा अशा १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात आमचा जिल्हा आहे. शेतकऱ्यांच्या घरोघरी जाऊन मनाची विचारपूस करायची आणि गरज दिसली तर पुढे पाठवायचे. आशाताई दारात बसून फॉर्म काढून विचारू लागली, "भाऊजी, झोप लागते का बराबर?"

"लागते."

आतून बायकोचा आवाज आला. "काई लागत नाई. रातभर आंगनात फिरून राहतेत. पोरावर खेकसतेत. दोन पोयीच्या वर जेवत नाईत."

आशाताईने माझ्याकडे पाहिलेही नाही, बायकोचे उत्तर लिहून घेतले. पुढचे सगळे प्रश्न तिने आतल्या दिशेनेच विचारले. माझ्या मनाची माहिती अशी माझ्या समोर, मला वगळून गोळा झाली. राग आला, पण उठून गेलो नाही. ती जाताना म्हणाली, "मंगळवारी ग्रामीण रुग्णालयात जिल्ह्याचे डॉक्टर येतेत. छातीचंच सांगजा, पन जा."

गेलो. पैसे लागले नाहीत. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. ज्या खोलीसमोर बसवले तिच्यावर 'मानसिक आरोग्य' अशी पाटी होती, आणि पाटीखाली बाकावर आमच्या शेजारच्या गावचा एक ओळखीचा बसला होता, चांगला पंधरा एकरवाला. दोघांनी एकमेकांना पाहिले.

"इकडं कसं?"

"बीपी पाहाले. तुमी?"

"बीपीच."

बीपीची ओपीडी पलीकडच्या बाजूला होती, हे दोघांनाही दिसत होते. मग कापसावर बोललो.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण नीट होते. त्यांनी नऊ प्रश्नांचा कागद काढला. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला का, झोप, थकवा, भूक, आपण नालायक आहोत असे वाटते का, लक्ष लागते का. प्रत्येकाला शून्य ते तीन. त्या नऊ प्रश्नांत रडण्याचा प्रश्नच नाही हे माझ्या नंतर घरी येऊन मनाशी उजळणी करताना लक्षात आले. मला तेव्हा बरेच वाटले होते. नववा प्रश्न मात्र होता: मेलेले बरे, किंवा स्वतःला काही करून घ्यावे, असे विचार येतात का?

मी म्हटले, "कधी कधी. पण तसं काही नाही."

ते पेन खाली ठेवून थांबले. मग त्यांनी मला नाही, बायकोला विचारले, "फवारणीचं औषध घरात कुठे ठेवता?" तिने सांगितले. "आजपासून कुलपात. किल्ली तुमच्याकडे. उरलेल्या बाटल्या घरात ठेवूच नका." उपचाराची सुरुवात गोळीने झाली नाही, कुलपाने झाली. त्याच संध्याकाळी तिने भावाच्या घरची लोखंडी पेटी आणवली. किल्ली कुठे असते ते मला अजून माहीत नाही, आणि फवारणीच्या दिवशी मी तिला औषध मागतो तेव्हा ती किती पंप मारणार हे विचारून मोजून देते.

राष्ट्रीय गुन्हे नोंदी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या आत्महत्या १,७०,९२४ आहेत, त्यांतले १,२२,७२४ पुरुष. राज्यांत महाराष्ट्र पहिला. आकडे मी मागाहून वाचले. वाचताना आमच्या मांडवातल्या आत-बाहेरच्या खुर्च्या आठवल्या, पण त्यावरून सिद्धांत मांडायचा अधिकार माझा नाही.

गोळी एस्सिटालोप्राम होती, सकाळी नाश्त्यानंतर. डॉक्टरांनी सांगितले ते सांगितल्याप्रमाणे झाले: आधी मळमळ, डोके जड, आणि गुण यायला दोन-चार आठवडे. तोवर 'काही फरक नाही' म्हणून सोडणारे पुष्कळ, असे त्यांनी बजावले होते. बरे वाटू लागल्यावरही निदान सहा महिने घ्यायची, आणि मनाने एकदम बंद करायची नाही. मायला गोळीचे कळले तेव्हा तिने मीठ-मिरची उतरवून चुलीत टाकली. मी बसून घेतले. दोन्ही उपचार सोबत चालले, भांडण झाले नाही.

समुपदेशनाला वेगळी मॅडम. पुतणीच्या वयाची पोरगी, मला 'काका' म्हणायची. तिच्यासमोर काय बोलणार? पहिल्या वेळी मी तिला फेरफाराची प्रक्रिया समजावून सांगितली. दुसऱ्या वेळी तिने एक मोठी यादी काढली, बेक नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाची, २१ प्रश्नांची. त्यात मात्र रडण्याचा प्रश्न होता. उत्तराला चार पर्याय. पूर्वीपेक्षा जास्त रडत नाही, याला शून्य. पूर्वीपेक्षा जास्त रडतो, एक. बारीकसारीक गोष्टीवरून रडतो, दोन. आणि तीन गुण कशाला, तर रडावेसे वाटते पण रडू येत नाही, याला.

मी तिला पुन्हा वाचायला लावले. मला वाटले चुकून उलटे छापले. इतके दिवस जे मी माझ्या बाजूने धरत होतो, तिरडीची गाठ नीट बांधली, डोळे कोरडे ठेवले, ते त्या कागदावर सगळ्यात वाईट खान्यात होते. "काका, कुठे टिक करू?" तिने विचारले. मी म्हटले, "तीन गुणांच्या खान्यात कर."

त्या दिवशीही रडलो नाही. वाचणाऱ्यांना वाटेल आता रडेल. रडलो ते फार विचित्र ठिकाणी, सोसायटीच्या कचेरीत.

कर्जखाते वारसांच्या नावे करायचे होते. कारकुनाने रजिस्टर उघडले, बाबांच्या नावासमोर लाल पेनाने 'मयत' लिहिले आणि पट्टी लावून त्यांच्या नावावर रेघ ओढली. रेघ जरा तिरपी गेली. त्याने 'च्' केले आणि पुन्हा ओढली. त्या दुसऱ्या रेघेला माझे काय झाले ते कळले नाही. काउंटर धरून उभा राहिलो आणि आवाज करून रडलो. नाक गळत होते, रुमाल नव्हता, दुपट्ट्याने पुसले.

पाच-सहा जण होते. कोणी हसले नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो. पण सगळे मिळून मला कारण शोधून द्यायला लागले. कारकून म्हणाला, "कर्जाचं टेन्शन घेऊ नका भाऊ, पुनर्गठन होते." एक म्हणाला, "सोयाबीन गेलं ना बाप्पा याचं सारं." तिसऱ्याने पाण्याचा ग्लास दिला आणि दाराकडे पाहत हळूच विचारले, "किती हाय बाकी?" बाप मेला म्हणून रडतो आहे, हे कोणाच्या डोक्यात आले नाही. बाप जाऊन आता किती महिने झाले होते! त्या दुःखाची मुदत तेरवीलाच संपली होती.

लोक लिहितात, रडले की हलके वाटते. मला वाटले नाही. डोके ठणकले, लाज वाटली, गाडीची किक मारता येईना. रात्री मात्र झोप लागली, ती गोळीने की कशाने, सांगता येणार नाही.

खरी गंमत पुढच्या आठवड्यात. कृषी केंद्रात खत आणायला गेलो. वर्षानुवर्षे आमची उधारी तिथे, कापूस निघाला की चुकती. मालक नेहमीसारखे 'या बसा' म्हणाले, चहा सांगितला, आणि चहा संपल्यावर म्हणाले, "यंदा जरा अर्धे नगदी करा ना भाऊ." मी कारण विचारले. "नाही, सगळ्यांनाच सांगून राहिलो." सगळ्यांना सांगत नव्हते. माझ्या मागे बसलेल्याचे नाव माझ्यासमोर वहीत लिहिले. सोसायटीतून बातमी निघाली होती: अमक्याचा पोरगा काउंटरवर रडला, म्हणजे प्रकरण बुडाले. धाकट्या भावाच्या सोयरिकीचे बोलणे चालू होते, तिकडूनही मामांना फोन आला, "घरी काही तंगी आहे काय?"

भाऊ संतापला. "तुले रडाचं होतं तं घरी रडाचं ना! चार लोकाईत कायले?" मी उत्तर दिले नाही, कारण त्याचे गणित चूक नव्हते. आमच्याकडे माणसाचा चेहरा हे तारण आहे. पावसावर चालणाऱ्या धंद्यात सातबाऱ्यावर जितके कर्ज मिळते, त्याहून जास्त चेहऱ्यावर मिळते. पुरुषी अहंकार वगैरे असेलच, मी नाकारत नाही, आम्हीही 'पोरीवानी काहून रडतं बे' म्हणतच मोठे झालो. पण 'मोकळे व्हा, बोला, रडा' असे सांगणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की सकाळी सांडलेल्या अश्रूची खबर संध्याकाळी खताच्या दुकानात पोहोचते. बाईच्या रडण्यावरून कोणी तिच्या घरची पत मोजत नाही. पत तिच्या नावावर नसतेच, हा त्यातला दुसरा अन्याय.

आणि सरकारही कारणच मागते. आत्महत्या झाली की समिती बसते. जमीन नावावर आहे का, कर्ज होते का, नापिकी होती का, वसुलीचा तगादा होता का. असेल तर 'पात्र', एक लाख. नसेल तर 'अपात्र'. अपात्र ठरलेल्या एका घरी मी लहानपणापासून जातो. त्या माणसाला कर्ज नव्हते. तो रात्री अंगणात फिरायचा एवढेच त्याच्या बायकोला माहीत आहे.

मॅडमला मी कृषी केंद्राचा किस्सा सांगितला तेव्हा मला वाटले ती म्हणेल, लोकांचे मनावर घेऊ नका. तिने वेगळेच विचारले, "काका, मग उधारीवर परिणाम न होता कुणासमोर रडता येईल?" आम्ही खरोखर यादी केली. माय नाही, ती घाबरते. भाऊ नाही. बायको, हो, पण तिला सवय व्हायला वेळ द्यायचा. शेवटी मी त्या 'बीपी'वाल्याचे नाव घेतले. मॅडमने रात्री-बेरात्रीसाठी टेलि-मानसचा १४४१६ हा नंबरही लिहून दिला. मी एकदा लावला, मराठीत बोलले, दहा मिनिटे ऐकून घेतले. दूरचा माणूस असल्याचा फायदा होता, त्याला आमचे कृषी केंद्र ठाऊक नव्हते.

पंधरा एकरवाल्याशी पहिल्यांदा खरे बोललो ते एसटी स्टँडवर, उसाच्या रसाच्या दुकानात. मीच म्हटले, "मले बीपी नाही." तो बराच वेळ ग्लासातला बर्फ हलवत राहिला. "मलेबी नाई." मग त्याने जे सांगितले ते त्याचे आहे, इथे लिहिणार नाही. तो रडला नाही, मीही नाही. आता मंगळवारी आम्ही सोबत जातो, एकाच गाडीवर, पेट्रोल अर्धे-अर्धे. गावात सांगतो की बीपी. खोटे आहे, पण त्याची उधारी अजून शाबूत आहे आणि ती तशी राहावी असे मला मनापासून वाटते.

गोळीने एक झाले. पहाटेचे ओझे गेले, भूक आली, पोराशी पुन्हा सायकलवरून बोलणे होते. पण सिनेमातही डोळे भरत नाहीत, चुलत बहिणीच्या बिदाईला सगळे रडत असताना मी आपला पंगतीकडे पाहत उभा. डॉक्टरांना सांगितले तर म्हणाले, काहींना या गोळीने भावना थोड्या बोथट झाल्यासारख्या वाटतात, डोस कमी करत आणला की सुधारते. म्हणजे रडता येत नाही म्हणून सुरू केलेल्या औषधाने पुन्हा रडता येईना. मॅडमला हे सांगताना आम्ही दोघेही हसलो.

कृषी केंद्राचे अर्धे नगदी यंदाही चालू आहे. भावाची सोयरीक दुसरीकडे जमली. डॉक्टर म्हणतात पुढच्या महिन्यापासून गोळी अर्धी करून पाहू. तेव्हा सोयाबीनची सोंगणी असते, मजूर मिळत नाहीत, डोक्याला ताप. मी म्हटले, ढीग लागून मळणी होऊ द्या, मग करू.